फांसे, नियम आणि माणसें

खेळाविषयीं गंभीरपणें लिहिणें अजूनही आपल्याकडे कांहींसें हास्यास्पद समजलें जातें. नाटकावर टीका लिहावी, कादंबरीवर लिहावी, चित्रपटावर तर वाटेल त्यानें लिहावी. परंतु चारपांच प्रौढ माणसें एका मेजाभोंवतीं बसतात, कोणी मांत्रिकाचें, कोणी भुरट्या चोराचें, कोणी पदच्युत सरदाराचें सोंग घेतो, आणि फांसे टाकीत टाकीत मध्यरात्रीपर्यंत एक गोष्ट रचीत जातात, या उद्योगावर टीकाकारानें आपली लेखणी कां झिजवावी, असें सुज्ञ वाचक विचारतील. त्यांस माझें उत्तर असें कीं, हा उद्योग आतां पन्नास वर्षांहून जुना झाला आहे; त्याच्यापायीं एक स्वतंत्र ग्रंथसंग्रह निर्माण झाला आहे; आणि त्याच्याभोंवतीं जो वाद माजला आहे तो आपल्या पूर्ण ओळखीचा आहे. ‘आम्ही येथें घटकाभर मन रमवावयास बसतों, तेथें राजकारण कशाला?’ असें एक पक्ष म्हणतो. ‘राजकारण तुमच्या खेळांत पहिल्या दिवसापासून आहे, तुम्हांला तें दिसत नाहीं इतकेंच,’ असें दुसरा म्हणतो. कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, या प्रश्नावर फडके आणि खांडेकर यांच्या काळीं ज्या महाराष्ट्रानें एवढी शाई खर्च केली, त्याला हा सूर अनोळखी वाटण्याचें कारण नाहीं.

ज्यांनीं हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्याकरितां त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. इंग्रजींत याला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. मी येथें ‘भूमिकाखेळ’ हा शब्द वापरतों. खेळणारांपैकीं एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग वर्णन करतो: पूल मोडलेला आहे, पलीकडे दिवा दिसतो, दिव्यापाशीं कोणी तरी रडत आहे. बाकीचे एकेक पात्र घेऊन, आपलें पात्र आतां काय करील तें सांगतात. जें सहज घडण्याजोगें असतें तें घडतें. ज्याविषयीं शंका असते त्याचा निकाल फांसे देतात. पात्राचें बळ, चातुर्य, विद्या यांचे आंकडे एका कागदावर मांडलेले असतात, आणि फांशावर पडलेल्या दानांत ते मिळवून यशापयश ठरतें. पट नसला तरी चालतो, सोंगटी नसली तरी चालते. बहुधा कोणी जिंकत नाहीं, कोणी हरत नाहीं. गोष्ट पुढच्या आठवड्यावर टाकून मंडळी घरोघर जातात.

या खेळाचें कूळ शोधूं लागलें म्हणजे दोन घराणीं हातीं लागतात. एक लष्करी, दुसरें लहान मुलांचें. १७८० सालीं ब्रन्सविक येथील हेल्विग नांवाच्या गृहस्थानें बुद्धिबळाचा विस्तार करून युद्धाचा खेळ बनविला. बुद्धिबळ हें आपल्या चतुरंगाचें अपत्य, तेव्हां या घराण्याशीं आपलेंही दूरचें नातें लागतें. पुढें १८२४ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ या अधिकाऱ्यानें, आपल्या वडिलांनीं आरंभिलेल्या युद्धखेळाला नवें रूप दिलें. त्यांत नकाशा होता, फांसे होते, आणि दोन्ही पक्षांहून वेगळा असा एक पंच होता. या पंचाच्या हातीं नियमांची जाडी पोथी असे. १८७६ सालीं व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या दुसऱ्या प्रशियन अधिकाऱ्यानें ती पोथी बाजूस ठेविली आणि निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोंपविला. नियमाचें राज्य बरें कीं शहाण्या माणसाचें राज्य बरें, हा राज्यशास्त्रांतील पुरातन प्रश्न या प्रकारें खेळाच्या पाळण्यांतच उपस्थित झाला होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

दुसरें घराणें अधिक मनोवेधक आहे. १८२६ सालीं हॉवर्थ येथील पाद्री पॅट्रिक ब्राँटे यांनीं आपल्या मुलासाठीं लांकडी शिपायांची पेटी आणली. चारी भावंडांनीं एकेक शिपाई उचलला. शार्लटनें आपल्या शिपायाचें नांव वेलिंग्टन ठेविलें, ब्रॅनवेलनें बोनापार्ट. त्या शिपायांपासून ग्लास टाउन, अँग्रिया आणि गोंडल हीं कल्पित राज्यें निघालीं. त्यांचीं युद्धें, त्यांचीं मासिकें, त्यांचीं बंडें व कारस्थानें हीं भावंडें वर्षानुवर्षें रचीत राहिलीं. ‘जेन एअर’ आणि ‘वुदरिंग हाइट्स’ लिहिणाऱ्या हातांनीं आधीं हा खेळ खेळला होता. त्या खेळांत राजकारण नव्हतें काय? वेलिंग्टन आणि बोनापार्ट हे त्या मुलांच्या घरांत वर्तमानपत्रांतून आलेले पुरुष. आणि त्यांचें ग्लास टाउन वसलें होतें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, तेथील मूळच्या लोकांशीं लढून. इंग्लंडचें साम्राज्य कोणी न बोलावतां मुलांच्या खोलींत येऊन बसलें होतें.

या दोन्ही घराण्यांचा संगम झाला तो अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांत. मिनेसोटा राज्यांत १९६९ सालीं डेव्हिड वेझ्ली यानें नेपोलियनच्या काळांतील ब्राउनस्टाइन या कल्पित जर्मन गांवाची लढाई मांडली, आणि सेनापतींखेरीज गांवांतल्या इतर माणसांच्या भूमिकाही खेळणारांस वांटून दिल्या. लढाई बाजूला राहिली आणि मंडळी एकमेकांशीं कारस्थानें करूं लागली. त्या मंडळींतील डेव्ह आर्नेसन यानें पुढें ‘ब्लॅकमूर’ ही अद्भुत भूमि रचली, आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गांवच्या गॅरी गायगॅक्स याच्या सहकार्यानें १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला. एक पेटी, तीन लहान पुस्तिका आणि हजार प्रती, एवढ्यावर आरंभ झाला.

आतां प्रथम वाङ्मयाच्या दृष्टीनें या प्रकाराकडे पाहूं. आपल्या काव्यशास्त्रानें कवि, नट आणि प्रेक्षक हीं तीन स्थानें वेगळीं धरलीं आहेत, आणि रसाची चर्चा केली ती नाट्यगृह डोळ्यांपुढें ठेवून. भूमिकाखेळांत हीं तिन्ही स्थानें एकाच माणसांत एकवटतात. रचणारा तोच, बोलणारा तोच, आणि दुसरा बोलूं लागला म्हणजे ऐकून रंगणाराही तोच. कोंकणांतील आणि गोव्यांतील दशावतारी नट लिहिलेल्या संहितेवांचून रंगभूमीवर संवाद रचतात. तें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना या खेळांतील तात्काळ रचनेची कल्पना येईल. मात्र दशावतारी नटासमोर सारें गांव बसलेलें असतें आणि आख्यानाचा शेवट गांवाला ठाऊक असतो. येथें गांव नाहीं, आणि शेवट सूत्रधारालाही ठाऊक नसतो, निदान नसावा.

म्हणूनच या कलेची कृति दुसऱ्यास दाखवितां येत नाहीं. आमच्या चोरानें काल राजाला कसें फसविलें, हें खेळणारा मोठ्या उत्साहानें सांगूं लागतो, आणि ऐकणाराला दुसऱ्याचें स्वप्न ऐकत असल्यासारखें होतें. २०१५ सालापासून ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमांत धंदेवाईक नट हा खेळ प्रेक्षकांसमोर खेळतात, आणि लाखों लोक तो आवडीनें पाहतात. त्या नटांचें कसब मान्य करूनही मला तो प्रकार रुचत नाहीं. प्रेक्षक आले कीं खेळणाराची नजर सोबत्यावरून उठून त्यांच्याकडे जाते. आणि घरीं चांचरत बोलणाऱ्या साध्या खेळाडूस आपलें बोलणें लाजिरवाणें वाटूं लागतें. देवळांतल्या भजनांत मनापासून गाणाऱ्या बेसूर आजोबांना नामांकित गवयाची तबकडी ऐकवून गप्प बसविण्यासारखें हें आहे.

नियमग्रंथांच्या गद्याविषयीं एक शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. गायगॅक्सची भाषा पल्लेदार, आडवळणी आणि जुनाट शब्दांनीं खच्चून भरलेली आहे. तिची थट्टा करणें सोपें आहे, परंतु तिच्यांत लेखकाचा आवाज ऐकूं येतो. हा गृहस्थ आपल्याशीं वाद घालीत आहे असें वाटतें. पुढील आवृत्त्यांत हा आवाज हरपला आणि खरेदीखताची शिस्त आली. नव्या ग्रंथांतील चित्रें सुंदर असतात, कागद गुळगुळीत असतो, पण एकादें पान पुन्हां वाचावें असें क्वचित् वाटतें.

असो. मूळ वादाकडे वळतों. खेळांत राजकारण तीन ठिकाणीं असूं शकतें: गोष्टीच्या विषयांत, जगाच्या वर्णनांत, आणि निर्णयाच्या पद्धतींत. विषयाबद्दल फारसें बोलण्याजोगें नाहीं. राजे, बंडें, निवडणुका हे विषय कोणत्याही गोष्टींत येतात. त्यांना हरकत घेणारा मनुष्य रामायणही वाचूं शकणार नाहीं. जगाच्या वर्णनाचा प्रश्न त्याहून बिकट आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या आवृत्तींत पात्रांच्या आणि प्राण्यांच्या वृत्ति तीन प्रकारच्या मानल्या होत्या: सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुतकथांवरून घेतलेली होती. १९७८ च्या ग्रंथापर्यंत तिच्यांत सुष्ट-दुष्टाची भर पडून नऊ घरांचें कोष्टक तयार झालें. खेळणारा आपल्या पात्राची वृत्ति आपण निवडतो. परंतु टोल्किनच्या कादंबऱ्यांतून उचललेली ऑर्क नांवाची जी रानटी जमात, तिची वृत्ति ग्रंथांतच छापलेली असे. ती दुष्ट. दुष्टपणा जातीचाच असल्यावर त्या जमातीचें पोर मारतांनाही विचार करण्याचें कारण उरत नाहीं.

गुण जन्मानें ठरतात, हें वाक्य कानीं पडतांच मराठी वाचकानें सावध व्हावें. जोतीराव फुल्यांपासून डॉ. आंबेडकरांपर्यंत ज्या विचाराशीं या भूमीनें झुंज घेतली, तोच विचार येथें परीकथेच्या वेषांत, फांशांच्या खुळखुळाटांत, सहज गिळला जातो. त्याच १९७८ च्या ग्रंथांत स्त्री-पात्राच्या बळाला पुरुष-पात्राच्या बळाहून खालची मर्यादा घातलेली होती. अग्नि ओकणारे सर्प चालतात, प्रेतें उठून तलवार चालवितात, परंतु बाईनें पुरुषाइतकें ओझें उचललें तर मात्र वास्तवाला धक्का बसतो! ही मर्यादा १९८९ च्या आवृत्तींत गेली. आणि जमातींना लाविलेला ‘रेस’ हा शब्द काढून २०२४ च्या ग्रंथांत ‘स्पीशीज’ हा शब्द घातला गेला. या फेरफारांवर, खेळांत राजकारण शिरलें अशी ओरड झाली. ओरडणारांच्या हें लक्षांत आलें नाहीं कीं, काढून टाकलेला भाग हाही राजकारणाचाच होता. तो त्यांच्या अंगवळणीं पडलेला होता म्हणून त्यांस खुपत नव्हता.

तथापि या शब्दांतराचें फार कौतुक करण्यासही माझें मन तयार होत नाहीं. खेळ कशाचें बक्षीस देतो, तें त्याचें खरें नीतिशास्त्र. आरंभींच्या काळांत या खेळांत हस्तगत केलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागें पात्राला अनुभवाचा एक गुण मिळे. शत्रूस मारल्याबद्दल गुण मिळत ते वेगळे. लूट करावी, बळ वाढवावें, अधिक मोठी लूट करावी, हें चक्र जोंवर फिरत आहे तोंवर लुटल्या जाणाऱ्यांना कोणत्या नांवानें हांक मारावी हा प्रश्न दुय्यम आहे. सुधारकांनीं नामावळी सुधारली आणि तिजोरीला हात लाविला नाहीं, असें मी म्हणेन.

परंतु माझ्या मतें मुख्य प्रश्न तिसऱ्या ठिकाणचा आहे. खेळाचा नियम आणि राजनीति यांचें नातें महाभारतानें जितकें उघड करून दाखविलें तितकें क्वचितच कोणी दाखविलें असेल. द्यूतसभेंत द्रौपदीनें विचारलेला प्रश्न नियमाचा होता: जो स्वतःला हरून बसला, त्याला दुसऱ्यास पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांसारख्या ज्ञात्यानें धर्माची गति सूक्ष्म असल्याचें सांगून निर्णय टाळला. विकर्णानें उत्तर दिलें, त्याला गप्प बसविण्यांत आलें. फांसे कपटाचे होतेच. परंतु त्याहून घातक गोष्ट ही कीं, जिनें निकाल द्यावयाचा ती सभाच मुकी झाली होती.

मेजाभोंवतीं बसलेल्या पांच माणसांचेंही एक लहानसें राज्य असतें. सूत्रधार हा त्याचा राजा, नियमग्रंथ ही त्याची घटना, आणि फांसे हें त्याचें दैव. या तिघांत अखेरचा शब्द कोणाचा, हा प्रशियन अधिकाऱ्यांचा जुना प्रश्न प्रत्येक बैठकींत नव्यानें उभा राहतो. गोष्ट आधींच लिहून आणणारा सूत्रधार सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला उत्तरेकडील किल्ल्यांत जावयाचें असतें. मंडळी दक्षिणेकडे निघालीं तर पूल वाहून जातो, पश्चिमेकडे निघालीं तर वणवा लागतो, आणि शेवटीं सर्वजण आपखुषीनें उत्तरेकडे गेले असें इतिहासांत नमूद होतें. लोकांना निवडीचें स्वातंत्र्य द्यावयाचें आणि निवडीचा निकाल आपल्या खिशांत ठेवावयाचा, हें राज्यकारभारांतील कसब त्याच्याकडून शिकावें. दुसरा एक सूत्रधार दयाळू असतो. तो पडद्याआड फांसे टाकतो, आणि एखादें लाडकें पात्र मरणार असें दिसलें कीं पडलेलें दान बदलून सांगतो. पुष्कळ जाणते लोक याला दोष देत नाहींत. मी देतों. प्रजेच्या कल्याणासाठीं बोललेलें असत्य राजाला फार लवकर गोड लागतें. आणि ज्या दिवशीं खेळणाराला तें कळतें त्या दिवसापासून आपल्या शौर्यावरचा त्याचा विश्वास उडतो. फांसे उघड्यावर टाकावे, आणि मरण आलें तर मरावें.

या विषयाचा विचार करून रचलेले कांहीं खेळ आहेत, आणि त्यांच्यामुळेंच हा प्रकार टीकाविषय होण्याच्या योग्यतेचा झाला आहे. १९८४ सालीं निघालेल्या ‘पॅरानॉइया’ या खेळांत एक बंदिस्त नगर संगणकाच्या आज्ञेंत चालतें. नागरिकांच्या श्रेणी रंगांनीं ठरलेल्या असतात, प्रत्येकानें दुसऱ्यांतील राजद्रोही शोधावयाचा असतो, आणि खेळाचे नियम आपल्याला ठाऊक आहेत असें दाखविणें हाच एक राजद्रोह असतो! हुकूमशाहीवरील कित्येक व्याख्यानांनीं जें होत नाहीं तें या एका नियमानें हंसत हंसत होतें. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ मध्यें लव्हक्राफ्टच्या भयकथांचें जग आहे. तेथें पात्र पराक्रमी होत जात नाहीं. गूढ विद्या जसजशी कळत जाते तसतसे मनःस्वास्थ्याचे आंकडे खालीं येतात. लव्हक्राफ्टच्या लिखाणांतील वंशद्वेष सर्वश्रुत आहे. परंतु क्रिस स्पायव्ही यांनीं २०१७ सालीं ‘हार्लेम अनबाउंड’ या ग्रंथांत त्याच भयसामग्रीच्या मध्यभागीं न्यूयॉर्कमधील हार्लेमचे १९२० च्या दशकांतील कृष्णवर्णीय रहिवासी आणून बसविले. ज्यांना मूळ लेखकानें भयाचें कारण मानलें तेच येथें नायक आहेत. जुन्या वाड्यांत नव्या भाडेकऱ्यानें दिवा लावावा, तसें हें झालें.

व्हिन्सेंट बेकर यांच्या २००४ मधील ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ या खेळांत धर्मसंस्थेचे तरुण पाईक जुन्या अमेरिकन पश्चिमेसारख्या प्रदेशांत गांवोगांव हिंडून पाप शोधतात आणि शासन करतात. तंटा आधीं शब्दांनीं होतो. शब्दांत हार दिसूं लागली कीं अंगावर जाण्याची, मग हातघाईची, अखेर पिस्तुलाची वाट मोकळी असते. आणि प्रत्येक पायरीला नवे फांसे हातीं येतात. थांबावयाचें असेल तर हार मान्य करावी लागते. आपण खरे आहोंत अशी ज्याची खात्री आहे, त्याला पिस्तुलापर्यंत पोंचावयास किती थोडा वेळ लागतो, हें खेळणाराला आपल्याच तोंडून कळतें. या खेळांत उपदेशाचें एकही वाक्य नसतें तरी चाललें असतें, इतका नियम बोलका आहे.

मला स्वतःला सर्वांत प्रिय असलेला खेळ ॲव्हरी ऑल्डर यांचा ‘द क्वायट इयर’ (२०१३). यांत सूत्रधारच नाहीं. मोठ्या आपत्तींतून वांचलेल्या एका वस्तीचे आठवडे पत्त्यांच्या एका जोडानें मोजीत जावयाचे, आणि मधोमध ठेवलेल्या कागदावर सर्वांनीं मिळून त्या वस्तीचा नकाशा काढावयाचा. एखादा प्रश्न चर्चेस घेतला तर प्रत्येकानें एकदांच, एकदोन वाक्यें बोलावयाचीं; आणि चर्चेअखेर कोणताही ठराव करावयाचा नाहीं! आपल्याला कोणी विचारलें नाहीं असें ज्याला वाटेल त्यानें एक खडा उचलून मुकाट्यानें आपल्यापुढें ठेवावयाचा. त्या खड्याचें नांव तिरस्कार. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेस ज्यांनीं हजेरी लाविली आहे त्यांना यावर भाष्याची जरूर नाहीं. विहीर खणली जाते, भिंत बांधली जाते, कामें होतातही. परंतु खडे साठत जातात, आणि हिंवाळ्यांत ठराविक पत्ता निघाला कीं खेळ संपतो. कोणाचा पक्ष खरा होता हें सांगणारा कोणी नसतो.

याच्या उलट, उपदेश करण्यासाठींच लिहिलेले खेळही हल्लीं पुष्कळ निघतात. त्यांच्या प्रस्तावनेंत लेखकाचीं मतें असतात, पात्रांच्या तोंडीं तींच मतें असतात, आणि शेवटीं सद्भावाचा विजय होतो. त्यांतील कित्येक मतें मलाही मान्य आहेत. म्हणूनच हे खेळ पाहून अधिक वाईट वाटतें. ज्या खेळांत चुकीचें वागण्याची सोयच ठेविलेली नाहीं त्यांत बरोबर वागण्याला किंमत काय? हरिभाऊ आपटे यांनीं यमूचा संसार दाखविला, आणि केशवपनाविषयींचा संताप वाचकाच्या मनांत आपोआप उठला. हें ज्यांना साधत नाहीं ते पात्रांच्या हातीं निबंध देतात.

राजकारण नको म्हणणाऱ्या पक्षाची दुसरी एक बाजू मालकीच्या प्रश्नांत उघडी पडली. या खेळाच्या नियमांवर कोणालाही पूरक ग्रंथ लिहितां यावे म्हणून २००० सालीं प्रकाशकांनीं एक खुला परवाना दिला होता. जानेवारी २०२३ मध्यें तो अधिक जाचक करण्याचा बेत फुटला, आणि जे लोक वर्षानुवर्षें ‘आम्हांला राजकारणाशीं कर्तव्य नाहीं’ म्हणत होते, तेही हक्क, करार आणि बहिष्कार यांची भाषा एका आठवड्यांत अस्खलित बोलूं लागले. त्याच महिन्याच्या २७ तारखेस प्रकाशकांनीं माघार घेऊन नियमांचा गाभा सर्वांना मुक्त करून दिला. आपल्या बैठकींतलें कांहीं हिरावलें जाणार असें दिसलें, तेव्हां राजकारण परकें राहिलें नाहीं.

आतां नित्याच्या जीवनाविषयीं. १९८० च्या दशकांत अमेरिकेंतील कित्येक पालकांस हा खेळ सैतानी वाटला. १९८३ सालीं त्याच्या विरोधासाठीं संस्थाही निघाली, आणि मुलांना वेड लागेल, तीं भूतपिशाचांच्या नादीं लागतील, असा धाक घातला गेला. कादंबरी वाचून मुली बिघडतात, असें सांगणाऱ्या आपल्या पणजोबांचीच ही भावंडें. या खेळाचा खरा शत्रु फार निराळा आहे, आणि तो कोणत्याही नियमग्रंथांत छापलेला नाहीं. पांच कर्त्या माणसांना एकच संध्याकाळ मोकळी सांपडत नाहीं, हा तो शत्रु. एकाच्या मुलाची परीक्षा, दुसऱ्याची पाळी बदललेली, तिसऱ्याकडे सासरची मंडळी आलेली. अग्नि ओकणारा सर्प मारणें सोपें. महिन्यांतून दोन शनिवार ठरविणें कठीण. म्हणून जी मंडळी दहा वर्षें नेमानें एकत्र बसतात त्यांनीं रचलेली गोष्ट कशीही असली, तरी त्यांचें एकत्र बसणें हीच मला मोठी गोष्ट वाटते.

एकत्र बसल्यावर काय घडतें हें मात्र पाहिलें पाहिजे. आपल्या घरांत संभाषण पुष्कळ होतें, पण तें बहुधा ठरलेल्या वाटेनें होतें. वडील माणूस सांगतो, कर्ता पुरुष निकाल देतो, सून चहा आणते, आणि लहानांनीं मोठ्यांत बोलावयाचें नसतें. भूमिकाखेळांत दहा वर्षांच्या नातीची पाळी आली कीं आजोबांना थांबावें लागतें. ती म्हणते, ‘माझी राणी तह करणार नाहीं,’ आणि तिचें म्हणणें सर्वांना मानून पुढें जावें लागतें. आजोबांना हा अनुभव नवा असतो; नातीला तर अधिकच. तसाच एक साधा प्रघात २०१३ च्या सुमारास जॉन स्टाव्हरोपोलोस यांनीं सुचविला. मेजावर फुलीची खूण केलेलें एक कार्ड ठेवावयाचें. गोष्टींतला एखादा प्रसंग कोणाला सहन होईनासा झाला तर त्यानें त्या कार्डाला हात लावावा. प्रसंग तेथेंच बदलावयाचा आणि कारण विचारावयाचें नाहीं. यावर ‘हळव्यांचें कौतुक’ म्हणून पुष्कळ हंसणें झालें. मला यांत हंसण्याजोगें कांहीं दिसत नाहीं. दुसऱ्याला नको आहे, एवढ्या एका कारणावर थांबावयाचें आणि त्याला कैफियत द्यावयास लावावयाचें नाहीं, ही शिस्त किती घरांत आहे?

तेव्हां भूमिकाखेळाची परीक्षा कशी करावी, याविषयीं माझें मत असें आहे. त्यांतील गोष्ट सरस आहे कीं नीरस, हें पाहावें. परंतु तेवढ्यावर थांबूं नये, कारण चांगली गोष्ट हवी असेल तर चांगली कादंबरी अधिक स्वस्तांत मिळते. त्यांतील मतें पुरोगामी आहेत कीं प्रतिगामी, हेंही पाहावें. परंतु त्यावरून निकाल देऊं नये. निर्णय कोण घेतें, आक्षेप कोणाचा ऐकला जातो, बक्षीस कशाचें मिळतें, आणि हरलेल्याचें काय होतें, हे चार प्रश्न खेळाला विचारावे. या प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याही प्रस्तावनेंत सांपडत नाहींत. तीं नियमांत असतात, आणि तीन तास खेळल्यावर खेळणारांच्या वागण्यांत उतरतात.

ज्या कुटुंबांना हा प्रकार घरीं करून पाहावयाचा असेल त्यांनीं जाडजूड ग्रंथांच्या वाटेस आरंभीं जाऊं नये. एक पत्त्यांचा जोड, एक मोठा कागद, दोन पेन्सिली आणि थोडेसे खडे एवढ्यावर ‘द क्वायट इयर’सारखा खेळ एका संध्याकाळीं होतो. वडील माणसांनीं एकच पथ्य पाळावें: मुलें चुकीचें ठरवीत आहेत असें वाटलें तरी सुधारूं नये. खेळ संपल्यावर नकाशाची तारीफ जरूर करावी. मग आपल्यांत सर्वांत कमी कोण बोललें आणि कां, एवढें मात्र एकमेकांस विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत उठूं नये.